पूजाच्या वहीतलं पान

तुम्ही त्या फुकटच्या वेबसाइटचं कौतुक करून राहिले, करा. पण माझ्यासमोर नका करू. तिचा सगळ्यात मोठा भक्त मीच होतो. इतिहासाचे तयार पाठ, वह्या तपासायचा तक्ता, सगळं आयतं मिळायचं.

मागच्या वर्षी नववीला ‘आपल्या भागाचा इतिहास’ लिहायला दिला. पूजानं लिहिलं, की तिचे आबाजी तिगाव स्टेशनवर संत्र्याच्या टोपल्या गाडीत चढवायचे. टोपल्या भरताना बाया जे गाणं म्हणायच्या, तेही तिनं अख्खं लिहून आणलं.

तक्त्यात पहिलाच रकाना होता, संदर्भाची लिंक. मी विचारलं, "लिंक कुठं आहे?"

"सर, आबाजी घरीच हायेत. घेऊन येऊ का?"

सारा वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, "आबाजी नको, लिंक पाहिजे. पुन्हा लिही."

यंदा शाळेच्या अंकासाठी मला तेच गाणं आठवलं. पूजाला म्हटलं, "आबाजींना विचारून पुन्हा लिहून दे."

"आबाजी दिवाळीतच गेले, सर."

"तुला येते का?"

"नाही. त्यायनं सांगितलं, मी लिहून घेतलं होतं."

"मंग मागच्या वर्षीची वही तरी आण."

आणली. गाण्याचं पान फाडलेलं होतं. पुढच्या पानावर कुठल्या तरी दूरच्या राजाची माहिती, नेटवरून जशीच्या तशी उतरवलेली. खाली तीन लिंका.

आणि बाजूला लाल पेनानं माझंच अक्षर: दहापैकी दहा, शाब्बास.