गोठ्यातली स्कूटर

ऐका. हडपसरात होते आमचे हे, मी, लेक सुमन आणि कित्येक वर्षं गोठ्यात निजलेली ह्यांची स्कूटर. सुमनला कॉम्प्युटरच्या कंपनीत मुलाखतीला बोलावलं, आणि नेमका बसचा संप. ह्यांनी स्कूटर आडवी केली, उभी केली, किक मारून घामाघूम झाले, तेव्हा कुठे सुरू झाली.

आता बंद केली तर पुन्हा व्हायची नाही, म्हणून कंपनीच्या दारातही तशीच धूर ओकत ठेवली.

रखवालदार ओरडला, "काका, बंद करा!"

"मग पोरीला घरी कोण नेणार, तू?"

सगळा धूर मुलाखतीच्या खोलीत. शेवटी साहेबच खोकत बाहेर आले.

"काका, मुलगी घेतली कामावर! आता तरी बंद करा!"

ह्यांनी केली. ती आजतागायत बंदच आहे. पण सुमनला न्यायला आता रोज कंपनीची गाडी दारात येते.