निळ्या पँटची पट्टी

धुळ्यात शिंप्याकडे ब्लाउज न्यायला आलेल्या उषाबाई बाकावर टेकल्या. पुढे एक आई शाळकरी लेकीला घेऊन उभी होती.

"निंबानाना, पुनमच्या स्कर्टची दुमड उसवा. गुडघे दिसायला लागले."

"गेल्या साली उसवली ना! आता उरली कुठं? नवा घ्या."

"नवा घेतला तर गॅसची टाकी राहते. बठ्ठं सगळं भागवायचं कसं? ही पँट घ्या, रंग तोच आहे. खाली पट्टी जोडा."

"अहो, ही ईश्वरभाऊंची ना?"

"वर्षश्राद्ध झालं, नाना. पडूनच आहे."

"कापू?"

"कापा."

"नाना, पँटचा खिसापण लावून द्याल मला?" पुनमनं विचारलं.

"लावतो की. त्यात काय ठेवणार गं?"

"हात. बाबांसोबत शाळेत जाताना त्याच खिशात ठेवायची."