जावईबापूंची बरोबरी

चहा गोड आहे ना? मग ऐका. विमान कंपनीत धुराचे नियम सांभाळणारे आमचे जावई डहाणूला आले आणि मदत म्हणून माझ्या मिरचीच्या खतपाण्याच्या टाकीत दुप्पट खत ओतून मोकळे झाले.

मीटर वाचायला मी माझी मीच शिकलेय. म्हटलं, "ईसी चढलाय, पाण्यात क्षार वाढलेत. रोपं जळतील."

"आमच्याकडे ईसी म्हणजे धुराचे नियम करणारं युरोपियन कमिशन," जावई हसले. "विमानाचा धूर इथे सोडायचा, भरपाईची झाडं भलतीकडे लावायची. तुम्हीही तलासरीच्या मावशींना सांगा, त्यांच्या मिरचीच्या रोपांना बिनखताचं नुसतं पाणी द्या. बरोबरी झाली."

मी निम्मी टाकी उपसली, साधं पाणी भरलं, मग चहा केला.

घोट घेऊन ते म्हणाले, "आई, साखर नाही?"

"शेजारणीच्या कपात दुप्पट घातलीय, जावईबापू. बरोबरी झाली."