अँटेनाचा जोड

बऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर शेजारच्या बाकावर पेपर मिलमधून रिटायर झालेले, घरून बिनतारी बोलणं करायच्या हॅम रेडिओचा नाद असलेले यादवराव सुनेशी बोलत होते.

"मामा, पुरात मोबाईल बंद पडले, शेजारच्या समाधानच्या बायकोला कळा सुरू झाल्या, अन् तुमचा रेडिओही चालेना म्हणे?"

"मला ऐकू यायचं, पण माझा आवाज पोचेना. मी मशीनच खोलून बसलो."

"मग?"

"तुझ्या सासूनं झाडावरची अँटेना उतरवली. वायरच्या जोडाला गंज चढला होता. तिनं चाकूनं घासून जोड पुन्हा बांधला."

"आईंनी? त्या तर रेडिओला सवत म्हणतात."

"हो ना. मग लगेच इथून, बऱ्हाणपूरच्या रेडिओवाल्याचं उत्तर आलं, तिला न्यायला नाव निघाली. दवाखान्यात पोरगी झाली."

"आईंना काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? तिनंच मला स्वतःसाठी रेडिओच्या लायसनच्या परीक्षेचा फॉर्म आणायला पाठवलंय."