पाहुण्याचे नाव

वाशी पोलीस ठाणे, दि. २४/११/१९८२
पुरवणी जबाब

मी, सौ. सुनीती जयप्रकाश टिपणीस, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (विमा कचेरीत कारकून), राहणार सेक्टर २, वाशी, नवी मुंबई. समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. परवा सोमवारी मी याच ठाण्यात जबाब दिला. त्यातली एक गोष्ट खोटी आहे. ती दुरुस्त करण्यासाठी मी आज स्वतःहून आले आहे.

आम्ही काही रहिवासी 'जगवार्ता मंडळ' चालवतो. महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात जमून परदेशांतील घडामोडींवर चर्चा करतो. मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही, त्यातून कोणाला मिळकत नाही. श्री. धर्मराज ठोसर अध्यक्ष व मी चिटणीस आहे. मागच्या महिन्याच्या सभेला मोजकीच माणसे आली. त्यांत एक माझ्या सासूबाई होत्या.

मुंबईत शिकणारा इराणी विद्यार्थी कामरान सादेगी, वय २३, याची ओळख माझ्या कचेरीतील नंदिनी प्रधान यांनी करून दिली. त्याचा भाऊ तिकडे तुरुंगात आहे. इराण-इराक लढाईबद्दल व घरच्या परिस्थितीबद्दल बोलायला तो तयार झाला. त्याने एकच अट घातली. तो म्हणाला, "मॅडम, नाम नहीं, फोटो नहीं. हमारे मुल्क के कुछ लडके, सरकारवाले, इधर नजर रखते हैं." मी कबूल केले.

त्यानंतर मी सभेची बातमी घेऊन एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "नावाशिवाय बातमीत काय दम, बाई?" मी नाव सांगितले. मराठी पेपर त्याच्या लोकांपैकी कोण वाचणार, असे मी मनाशी म्हटले. खरे म्हणजे मला वर्ग भरलेला पाहायचा होता.

रविवारी संध्याकाळी वर्ग भरला. बातमीचे कात्रण मीच दाराशी चिकटवले होते. कामरानला मराठी वाचता येत नाही. एका सभासदाने कौतुकाने त्यावर बोट ठेवून "ये आपका नाम" असे त्याला दाखवले. कामरान वळून माझ्याकडे पाहत राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "मैं जाऊं?"

मी म्हटले, "इतने लोग आये हैं."

तो थांबला व बोलला. भावाबद्दलही बोलला. मागच्या बाकावर दोन अनोळखी तरुण होते. ते चहाच्या आधी उठून गेले. त्यांना पुन्हा पाहिल्यास मी ओळखेन.

सभा संपल्यावर कामरानने मला विचारले, "बस तक कोई साथ आयेगा?" त्या वेळी लोक माझे अभिनंदन करत होते. मी म्हटले, "सीधा रास्ता है." तो एकटा गेला.

आम्ही खुर्च्या आवरत असताना कोपऱ्यावर मासळी विकणाऱ्या वेणूबाई धावत आल्या. "बाय, तुमचा पावना पडलाय तिकडं. रगत हाय," असे त्या म्हणाल्या. अर्धवट बांधलेल्या इमारतीमागे कामरान पडलेला होता. त्याचा जबडा मोडला होता. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

सोमवारी ठाण्यात येण्यापूर्वी श्री. ठोसर मला म्हणाले, "नाव आपण दिलं हे कशाला सांगता? मंडळ बंद पडेल." म्हणून नाव कसे फुटले ते मला माहीत नाही, असा जबाब मी दिला.

काल मी इस्पितळात गेले. तिथे नंदिनी होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळी पोलीस आले होते. पेपरात नाव तूच दिलंस का, असं त्यांनी याला विचारलं. यानं हो म्हणून मान हलवली." मी कामरानला विचारले, "ऐसा क्यों किया?" जबडा बांधलेला असल्याने त्याला बोलता येत नव्हते. त्याने हाताने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवले. मी बसले नाही.

कामरानने मान हलवून सांगितले ते खरे नाही. त्याने नाव कोणालाही दिले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी त्यांनी 'नजरचुकीने नाव सांगितले' असे लिहिले होते. "बाई, असू द्या, तुमच्याच बाजूनं आहे," असे ते म्हणाले. मी 'नजरचुकीने' हा शब्द खोडायला लावला. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
सौ. सुनीती ज. टिपणीस