अख्ख्या छावणीला शुगर

...आन वरतून तालुक्याचे डॉक्टर मलाच इचारत्यात, ‘शहादेव, तपासणीआधी हात धुतलते का?’ अहो, धुवायला पाणी कुठंय? पावसाळा कोरडा गेला, जनावरं सोसायटीच्या छावणीत, जनावरांमागं आमी छावणीत, टँकर आला की आधी म्हशी पिणार, मग बैल, उरलं तर आमी... हात कशानं धुवू, थुकीनं?

तुमाला सांगतो, छावणीत चारा म्हणून देत्यात काय? ऊस! सकाळधरनं त्याची खांडं करायची, बोटं अशी चिकट की धरलेली बिडी सुटंना. त्यात चेअरमन सुंदररावांना आरोग्य शिबिराची हौस आली, फोटोपुरती. एक डॉक्टर बसवला, शुगर बघायचं यंत्र घेऊन. धर बोट, टोच सुई, चल पुढं! पुसायचा बोळा एकच, तोच समद्यांच्या बोटावरनं फिरवला, म्हंजी ज्याचं बोट कोरडं त्यालाबी रस लागला! माझं रक्त घेतलं आन म्हणतो, ‘काका, साडेचारशे. चालत कसे आलात?’

मागं बघतो तर आसारामला चारशे, छबुबाईला पाचशे, तात्याबाला तर यंत्र आकडाच दाखवंना... हाडकं निघालेल्या अख्ख्या छावणीला शुगर, आन एकाबी शहाण्याला शंका न्हाई! मी म्हणलं, सायब, हात चिकट हायत. तर म्हणतो, मग धुवायचे ना. अरे, पाणी कुठंय?

पंडित मुकादम तिथंच उभा. ऊसतोडीच्या टोळीतनं माझं नाव काढलं ना त्यानं! कावून, तर म्हणतो, ‘फडात चक्कर येऊन पडलास बे, तर उचलणार कोण?’ बायको भिवराबाई माझ्याकडं अशी बघती, जसं काय मी चोरून लाडू हाणले. इतकी वर्षं जोडीनं ऊस तोडला, आन एका चिकट बोटापायी मी बाद? लई भांडलो. शेवटी टोळी निघायच्या आदल्या दिवशी तालुक्याला गेलतो, रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. सकाळी नर्सबाईनं साबण दिला, दोनदा हात धुतले, मग सुई टोचली. पंच्याण्णव! एकदम निरोगी!

पळत छावणीत आलो, तर टोळी पहाटंच गेलती. भिवराबाईबी गेलती, माझ्या जागी तिच्या भावाला घेऊन. निरोप ठेवलाय, ‘तुमी आजारी माणूस. आराम करा, तेवढ्या म्हशी बघा.’

तवापासनं आराम करतोय... रोज दोन मोळ्या ऊस तोडून म्हशींम्होरं टाकतोय.