पाहायले आलो

नाई नाई, काका, त्या स्टुलावर नका बसू! — त्याचा एक पाय परवाच काढून घेतला मी, लाकूड बम चांगलं होतं त्याचं — इकडं या, या फळ्यांवर टेका. घाम पुसा पहिले. छत्री राहू द्या तिथंच, जानेफळात छत्री कोणी नेत नाई, नेली तं पाऊस पडल्यावर आणून देते. राजकुमारचा फोन आलाच होता सकाळी, लोणारहून — म्हणे मले आज लग्नाचा प्रोग्राम आहे, काकाले पाठवतो, ते गिटार पाहून घेतीन. तुम्ही दारात उभे राह्यले, मी विचारलं काय पाह्यजे, तुम्ही म्हणाले 'पाहायले आलो' — मंग समजलो मी. पाहा ना! पाहायचे पैसे नाई लागत. चहा सांगू? आमचं घर हे मागंच आहे, माय लगेच ठेवते… नाई? आधी पाहतो, मंग चहाचं पाहू? बरं. तुमची मर्जी. फक्त चार वाजता मले घरी जा लागते, पाहुणे येऊन राह्यले. तवरोक तुमचाच आहे मी.

ही पाहा राजकुमारची. घ्या हातात, घाबरू नका, लेकरू थोडीच आहे. जड लागते ना? लागणारच. साधी गिटार पोकळ राहते, तिच्या पोटातच आवाज घुमते. ही भरीव. इलेक्ट्रिक. सागवान आहे — तिकडं खामगावच्या बाजूले एक जिनिंग बंद पडली होती, तिचा मोठा दरवाजा मोडला, त्याच्यातलं. शंभर वर्षं — बरं, शंभर नसतीन, साठ-सत्तर धरा — कापसाच्या गाड्या पाह्यलेलं लाकूड आहे हे. हे खिळ्याचं भोक बुजवलं नाई मी. राजकुमार म्हणे बुजव, मी म्हटलं राहू दे, जन्मखूण आहे तिची. छेडा ना एक तार. छेडा, तुटत नाई… हं. ऐकू आलं? माशी भिणभिणल्यावाणी, नाई? वायर लावल्याबिगर हिचा आवाजच नाई निघत. माय म्हणते, अविनाश, ही तुझ्यावरच गेली रे बापा. खरं आहे ते. चार माणसं समोर बसले की माझी जीभ टाळूले चिकटते. आता तुमच्याशी बोलून राह्यलो ते निराळं, तुम्ही गिऱ्हाईक, लाकडाचं विचारून राह्यले. लाकडाचं कोणी विचारलं की माझी वायर लागते.

शिकलो? कुठं शिकतो, काका! शाळा नववीपर्यंत. दहावीची पुस्तकं आणली होती, त्यायचा वासही गेला नव्हता तवाच मेहकरले मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागलो. विहिरीवरच्या मोटारी जळते ना, त्यायची तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची — सात वर्षं तेच. मंग एक दिवस एक बँडवाला गिटार घेऊन आला, म्हणे आवाज बंद झाला. आमचा मालक म्हणे, भाऊ, ही कोणत्या विहिरीत सोडता? सगळे हसले. मी मात्र खोलून पाह्यली. तारांच्या खाली एक बारकी डबी, डबीत चुंबक, अन् चुंबकाभोवती तांब्याची तार! मोटारच ती, फक्त फिरत नाई — ऐकते. तार तुटली होती, गुंडाळून देली. त्यानं वायर लावून वाजवली अन् काका, समोरच्या हॉटेलातले लोकं भजी हातात घेऊन बाहेर आले. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. आता ही डबी मीच बनवतो. आठ हजार वेढे, केसाहून बारीक तार. हे कॅल्क्युलेटर पाहा, चाकाले जोडलं — एक फेरा झाला की त्याचं बटन दबते, एक वेढा वाढते. शिंक आली तरी तार तुटते. सर्दी झाली की मी वाइंडिंगले बसतच नाई.

लाकडाचं बाबांकडून. बाबा जुने सुतार, वखर, तिफण, दरवाजे — बाहेर पाटीवर अजून तेच लिहून आहे. ते सगळं सुतात मोजते. एका इंचाचे आठ सूत. माझ्या पहिल्या गिटारीवरच्या पट्ट्या, बोट जिथं दाबते त्या, बाबांनी बसवल्या. अर्धं सूत चुकलं. झालं! पुढचा एकही सूर जागेवर नाई. बाबा म्हणे, अर्ध्या सुतानं काय होते बे, दरवाजा तं लागते! मी म्हटलं, बाबा, दरवाजाले चालते, सुराले नाई चालत. ती गिटार आता आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे. लागते मात्र बरोबर.

काय म्हणाले?… वावर? आहे ना, दोन एकर, सोयाबीन लावते बाबा. बहीण एक, चिखलीले देली, सुखात आहे. पण तुम्ही काऊन — बरं बरं, सहज. खर्रा? नाई बावा! तंबाखू-सुपारी घोटलेल्या हाताचे डाग पडते पॉलिशवर. अन् दारूचं तं नावच नका काढू. आठ हजार वेढे मोजणारा माणूस दारू पेला तं कोणत्या वेढ्यावर उतरीन, सांगा! हात? हात काऊन पाह्यजे? पाहा ना, हे पटाशीचं आहे, जुनं. हे कानशीचं. हे बोट लहानपणी दरवाजात सापडलं, त्याचा धंद्याशी संबंध नाई. राजकुमारनं माणूस मात्र चौकस पाठवला हो! आमच्याकडं बैल घेतानाही इतकं नाई विचारत.

मागणी? मागणी आहे ना! यंदाच सहा आल्या. अकोल्याची एक, नागपूरच्या तीन, एक जळगावची, अन् एक तं थेट गोव्याहून — काका? ठसका लागला का? थांबा, माठ इथंच आहे… घ्या, सावकाश. हं. तं सहा आल्या, पण मी दोघींलेच हो म्हटलं. कसं आहे, एका टायमाले मी एकच धरतो. दोघी संग धरल्या की दोघींचं वाटोळं. पहिली माझ्या हातून उजवल्याबिगर दुसरीले बोट नाई लावत मी — गिटारी हो! गिटारीचंच सांगून राह्यलो. तुमाले काय वाटलं?

तीन वाजले का? आहे अजून टाइम. काय सांगू काका, आज माझा जीव थाऱ्यावर नाई. आता तुम्ही घरच्यावाणी सगळं विचारलं म्हणून सांगतो, राजकुमारजवळ बोलू नका. ते चारचे पाहुणे मलेच पाहायले येऊन राह्यले. पिंपळगाव राजाचे, अर्जुनराव म्हणून, मुलीचे वडील. मनकर्णाबाई माझी दूरची मावशी, तिनं हे स्थळ आणलं. ती गेली त्यायच्या घरी, त्यायनं विचारलं पोट्टा काय करते? आता मावशीच्या तोंडात गिटार शब्द बसत नाई. कधी सतार म्हणते, कधी नुसतंच 'ते वाजते ते'. तिनं आपलं सोप्पं करून टाकलं — पोट्टा इलेक्ट्रिकमध्ये आहे. बस! ते समजले लाईनमन. सरकारी. खांबावर चढते, पेन्शन आहे… हसा, हसा. मलेही पहिले हसूच आलं. मंग मी म्हटलं, माय, फोन कर त्यायले, खरं सांग. माय म्हणे, खोटं काय आहे त्यात? इलेक्ट्रिकच आहे ना ते? तीन स्थळं खरं सांगूनच गेले! — तेही बरोबर आहे तिचं. मागचे पाहुणे गिटारीचं नाव ऐकलं अन् चहा न घेता उठले. भरलेले कप तसेच. त्यायच्यावर साय धरली तरी माय तिथंच बसून. मंग तिनं ते कप धुतले अन् फडताळाच्या मागं ठेवून देले, अजून काढले नाई.

म्हणून आज सकाळीच हुकूम निघाला तिचा — गिटारींवर ताडपत्री टाक, आंघोळ कर, इस्तरीचा शर्ट घाल, अन् तोंड बंद ठेव. तोंड बंद ठेवायचं मले कठीण नाई, काका. तेच तं कठीण आहे. सकाळपासून तीन वाक्यं पाठ करून राह्यलो — मी लाईनमन नाई. मी गिटारी बनवतो. हातानं बनवतो. रंधा मारता मारता बरोबर येते, एक शब्द इकडचा तिकडं होत नाई. पण अर्जुनराव समोर बसले की नाई येणार, मले माहीत आहे. मी मुंडी हालवत बसीन, ते समजतीन खांबावरचा आहे. अन् मंग त्यायची पोरगी या घरात येईल. पहिल्याच आठवड्यात लाईन जाईल, अन् ती म्हणेल, जा ना, पाहून या. तवा मी कोणत्या खांबावर चढू? — नको. असं नाई पाह्यजे मले. पहिली पट्टी अर्धं सूत चुकली की पुढच्या साऱ्या चुकते, मंग किती का गोड वाजवा.

ते… ते नका काढू, काका! बरं, काढलं तं कडेनं धरा, तेल ओलं आहे. तो नुसता दांडा आहे गिटारीचा. नाई, विकायचा नाई. कोणाचाच नाई तो. म्हणजे… मावशीनं फोटो पाठवला होता मुलीचा. सुचिता नाव. गावच्या भजनात पेटी वाजवते म्हणे, फोटोतही पेटीमागंच बसून आहे. माय म्हणे, रंग पाहा, नाक पाहा. मी बोटंच पाहत राह्यलो. बोटं बारकी आहे तिची, पण पसरते लांब, दोन सुरांमधी एवढं अंतर अन् अंगठा किती आरामात! म्हटलं, कधी काळी हिनं गिटार धरलीच, तं आपला नेहमीचा दांडा तिले जाड होईल. म्हणून हा एक सूत बारीक तासला. असाच, रिकामा होतो म्हणून. रिकामा कुठं होतो म्हणा, याच्यापायीच तं राजकुमारची गिटार आठ दिवस लांबली — हे तुमाले नव्हतं सांगायचं. एका टायमाले एकच धरतो म्हटलं ना मघा, ते खरं आहे, फक्त या वेळी… जाऊ द्या. जोडला नाई तो कशालेच. कायले जोडू? तिकडून नाई आलं तं खिळ्यावर लटकून राहील, कोणाले दिसते?

काय?… अजून बारीक? अर्धं सूत? काका, तुमाले कसं कळलं? तुमचा अंगठा तं एवढा जाड. अन् डोळे मिटून काऊन धरला — कोणाचा हात आठवून राह्यले तुम्ही?

थांबा हं, मायचा फोन आहे. — हाव, माय. हाव, करतो ना आंघोळ, चारले अजून एक घंटा… काय? आले? कवा? दोनच्या एसटीनं? मंग घरी… घरी नाई आले? कोणी पाह्यलं त्यायले?… एकटेच. हाव… पांढरी टोपी. हाव… काळी छत्री…

हाव, माय.

आहे. छत्री इथंच आहे.

नाई… ताडपत्री नाई टाकली. काहीच नाई टाकलं.

काका — म्हणजे… अर्जुनराव, मी लाईन — मी ते… तीन वाक्यं —

…काय म्हणाले?

चहा?

माय. फोन ठेव. — नाई, काही बिघडलं नाई. फोन ठेव अन् चहा ठेव. ते मागचे कप काढ… साखर किती? ते तूच येऊन विचार त्यायले, माय. माझी वायर निघाली.